सत्तेचाळिसावी सही

चिंचगाव, ता. शिरोळ
६ जानेवारी २०२५

बाळासो,

फोन का करत न्हाय म्हणून फुगून बसू नकोस. ह्या कामाचं एक अक्षर फोनवर बोलायचं न्हाय. मागच्या निवडणुकीत पिराजी तात्याचं बोलणं कुणीतरी रेकॉर्ड केलं आणि सकाळचं दूध डेरीत पोचायच्या आत ते सात गावांत वाजलं. त्यात त्यानं बायकोला घातलेली शिवीबी हुती. ती अजून माहेरी हाय. तवा हे पत्र पेंडीच्या टेम्पोवाल्या ज्ञानूकडं देतेय. उद्या तो आमच्यात पोती टाकणार, परवा तुमच्यात. पाकीट कणकेच्या खळीनं चिकटवून वर माझा अंगठा उठवलाय. ठसा मोडलेला दिसला तर कळव, म्हंजे ज्ञानूबी त्यांचाच असं समजू.

आता काम. पंचधारा दूध संघाची निवडणूक लागली. तुला मी नवीन काय सांगणार, तूबी तुझ्या संस्थेचा चेअरमन हायस. अध्यक्ष आपण सभासद निवडत न्हाय. एका संस्थेला एक ठराव, म्हंजे एक मत, आणि ज्याच्या नावानं ठराव झालाय त्यानं एकट्यानं जाऊन ते टाकायचं. त्र्याण्णव संस्था, त्र्याण्णव मतं. माझ्या महिला संस्थेत दोनशे चौदा बायका धार काढून दूध घालत्यात, त्यांचं एक मत. विजयसिंह आबानं मेव्हण्या-पावण्यांच्या नावानं पंचवीस-पंचवीस जणांच्या संस्था काढल्यात, तिथं म्हशींपेक्षा सह्या जास्त, त्यांचंबी प्रत्येकी एक मत. असा तो तीन खेपा अध्यक्ष झाला. लोकांनी त्याला निवडलाय असं मला तरी कुणी सांगू नये.

आता ह्या खेपेला निवडून आला की बारा महिला संस्था गावच्या मोठ्या संस्थांत मिसळणार म्हणतोय. म्हंजे आमचा ठराव गेला, आणि दुधाची पुस्तकं, म्हंजे दुधाचा पैसाबी, पुरुषांच्या नावावर गेला. आमची धोंडुबाई सत्तरीची हाय. परवा तिनं विचारलं, "शेवंता, माझं पुस्तक पोराच्या हातात जाणार का ग?" मला तिच्याकडं बघवलं न्हाय.

क्रांतीनं तोड काढलीय. क्रांती कांबळे, आमची ढोरांची डॉक्टरीण. महापुरात सगळी साहेब मंडळी पुलापलीकडं उभी हुती तवा ही पोरगी होडीतनं येऊन छातीभर पाण्यात म्हशींना सुया टोचत हुती. ती आबाच्या विरोधात उभी हाय. तिचा करार असा. सगळ्या त्र्याण्णव संस्थांत सकाळच्या दुधाच्या वेळी प्रत्येक सभासदानं पुस्तक दाखवून बंद किटलीत एक दाणा टाकायचा. आबा पायजे त्यानं मका, क्रांती पायजे त्यानं शेंगदाणा. सगळ्या संस्थांची बेरीज करायची. बेरजेत जो पुढं, त्यालाच करारातल्या सगळ्या ठरावधारकांनी मत द्यायचं, मग आपल्या गावानं कुणालाबी दिलेलं असू दे. संघाच्या कायद्याचा एक शब्द बदलावा लागत न्हाय आणि अध्यक्ष मात्र समद्यांनी निवडलेला हुतोय.

शेहेचाळीस सह्या झाल्यात. सत्तेचाळीस झाल्या की बहुमत झालं आणि करार लागू. त्याच्या आधी कुणी कुणाला बांधील न्हाय. सत्तेचाळिसावी सही तुझी पायजे.

शेवंता

*

टेकवाडी, ता. पन्हाळा
१० जानेवारी

ती. आक्कास,

ठसा शाबूत हुता, पर पाकिटाचा कोपरा ओला हुता. ज्ञानू म्हणतोय पाण्याची बाटली सांडली. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर तो पेंडीच्या पोत्याकडं बघत हुता. तू आपली खळ दाट कर.

करार वाचला. रानात जाऊन दोनदा वाचला. चांगला हाय, म्हणूनच शंका येतीया. आक्का, तू शेवंताबाई नसतीस तर मी हसून सोडून दिलं असतं, पण तू शेवंताबाई हायस म्हणून जास्त विचार करावा लागतोय. लहानपणी वासरू तू सोडलंस, त्यानं समदं दूध पिऊन टाकलं, आणि वडलांच्या चाबकाचा मार मी खाल्ला. तू चुलीमागनं बघत हुतीस. तवापासनं तुझ्या कुठल्याबी बेतात मार कुणी खायचा हे मी आधी इचारतोय.

माझ्या गावाचं सांगतो. टेकवाडीत आबाचं वजन हाय. दूध गार करायचं मशीन त्यानं बसवलं, डांबरी रस्ता त्याच्यामुळं झाला. आणि एक गोष्ट तुझ्यापासनं लपवत न्हाय, पारावर असंबी बोलत्यात की कांबळ्याच्या पोरीला अध्यक्ष कशाला. मी बोलत न्हाय. पर ऐकून घेतो, हेबी खरं हाय.

आता समज, माझ्या गावानं मका टाकला आणि बेरजेत शेंगदाणा आला, तर मी गावाच्या तोंडावर गावाच्या विरोधात मत द्यायचं. बरं. पर उलटं झालं तर? तुझ्या बायकांनी शेंगदाणा टाकला आणि बेरजेत आबा आला, तर तू तुझ्या हातानं आबाला मत देशील? तुझी संस्था बुडत असताना? हे मला सरळ लिही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं असंल तर माझी सही न्हाय.

दाजींना नमस्कार.

बाळासो

*

चिंचगाव
१४ जानेवारी

बाळासो,

देईन.

रडत देईन, पर देईन. संस्था बुडाली तरी देईन. बेरजेत तो आला तर तो समद्यांचा हाय, मग मी कोण त्याला नगं म्हणणारी. एवढं सरळ पुरं का अजून स्टॅम्प पेपर आणू?

आणि पारावरचं ऐकून घेतोस ते बंद कर. गप बसून ऐकणारा माणूस बोलणाऱ्याला निम्मा भागीदार असतोय. तुझी जर्सी व्यायला अडली हुती तवा क्रांतीनंच खांद्यापर्यंत हात घालून वासरू काढलं, तवा पारावरचा एक तरी आलता का?

वासराची गोष्ट चाळीस वर्सं उगाळतोस. तिळगूळ पाठवलाय, घे आणि गोड बोल. सही कर.

आक्का

*

टेकवाडी
४ फेब्रुवारी

ती. आक्कास,

सही केली तवाच तुला निरोप गेला असंल. आता किटल्या झाल्या, बेरीज झाली. तुला आकडे आधीच कळलेत, तरी माझ्या हातानं लिहितो म्हंजे माझ्याबी डोक्यात बसतील. क्रांती सहा हजार एकशे अठरा. आबा पाच हजार अठ्ठ्याऐंशी. म्हंजे तूच खरी ठरलीस, हजारावर माणसं जास्त हायत तिच्याकडं, आणि तरी जुन्या रीतीनं आबाच आला असता.

तुमच्यात अकरा मके निघाले म्हणं. ते अकरा कोण ह्याचा शोध घेत बसू नकोस, तुझी सवय मला ठावं हाय.

आमच्यात एकशे एकवीस मके आणि एकोणसाठ शेंगदाणे. मोजताना एकानं बोलता बोलता दोन शेंगदाणे तोंडात टाकले, त्यावरनं अर्धा तास भांडण. हसू नकोस, मला हसू आलं न्हाय. त्या दिवसापासनं गाव माझ्याशी बोलताना शब्द मोजतंय. देवळात गेलो की बोलणं थांबतंय. काल आमचा राजवीर, ज्याला मी संस्थेत चिकटवला, तो भर डेरीत म्हणाला, "चेअरमन, तुमी गावाचं ठरावधारक का बेरजेचं?"

आक्का, तूच बघ. एकशे एकवीस माणसांनी मला ठराव दिलाय. ती माणसं मला दिसत्यात, रोज सकाळी किटली घेऊन येत्यात. ती सहा हजार मला दिसत न्हाईत. सही केलीय ती मोडणार न्हाय. पर झोप नीट लागत न्हाय हे खरं.

तेरा तारखेला आबाची बस निघतीया. नेहमीची सहल. ठरावधारकांना दहा दिवस कुठंतरी समुद्रावर नेऊन ठेवायचं, चढतानाच फोन काढून घ्यायचे आणि थेट मतदानाला आणून सोडायचं. माझंबी नाव यादीत हाय.

बाळासो

*

चिंचगाव
७ फेब्रुवारी

बाळासो,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकच कळलं, तू स्वतःला समजावतोयस. ज्याला मत द्यायचंच हाय त्याला एवढं लिहावं लागत न्हाय.

त्या बसमध्ये पाय टाकायचा न्हाय. आजारी पड. कुणाच्या तरी दहाव्याला जा. हिकडं ये, दहा दिवस बहिणीकडं राहिलास म्हणून कोण फाशी देत न्हाय. आमच्या बाजूला बस न्हाय का सहल न्हाय, क्रांतीनं चहा पाजला तरी मोठी गोष्ट, पर इथं तुला कुणी कोंडणार न्हाय. बसमध्ये गेलेला माणूस परत येतोय तवा तोच असतोय असं मी तरी बघितलं न्हाय. आपले चुलते गेलते, आठव. जाताना एकाचे हुते, येताना दुसऱ्याचे, आणि वर अंगात नवीन स्वेटर.

उलट टपाली लिही. गेला न्हाईस एवढंच लिही.

आक्का

*

टेकवाडी
१२ फेब्रुवारी

ती. आक्कास,

जातोय.

शिव्या घालायच्या आधी ऐक. काल गाव घरी आलतं. हारतुरा, नारळ, हलगी, समदं. ते मला पोचवायला आल्यासारखे आले, पर दोन पोरं मागच्या दाराला उभी हुती. न्हाय म्हणलो असतो तर मतदानाच्या दिवशी मला घराबाहेर पडू दिलं नसतं आणि आपलं सत्तेचाळिसावं मत गोठ्यात कोंडून राहिलं असतं. बसमध्ये बसलो तर निदान मतपेटीपर्यंत पोचतोय. तिथं पडद्याआड माझ्यासंगं कुणी येणार न्हाय.

तिथं हसावं लागणार, आबाच्या पाया पडावं लागणार, जेवावं लागणार. ते मी करीन. मत करारालाच.

हे तुला सांगून ठेवतोय, कारण दहा दिवस मी तुला काय सांगू शकणार न्हाय, आणि मधल्या काळात लोक तुला बरंच काय सांगतील.

बाळासो

*

चिंचगाव
२० फेब्रुवारी

बाळासो,

हे तुला कधी मिळंल ठाऊक न्हाय. वहिनीकडं पोचतं करायला सांगितलंय.

फोटो बघितला. समद्या जिल्ह्यानं बघितला. समुद्राच्या कडंला तुमी समदे एकसारखे पांढरे टी-शर्ट घालून, आणि तू आबाच्या तोंडात पेढा घालतोयस. दुसऱ्या फोटोत त्याचा हात तुझ्या खांद्यावर. हसतोयस. तुझं खोटं हसणं मला लहानपणापासनं ओळखू येतंय, डावा गाल आत जातोय. ह्या फोटोत डावा गाल आत न्हाय. मी चष्मा पुसून पुसून बघितलं.

आबाचा माणूस येऊन गेला, सम्राट. काय बोलला ते लिहीत न्हाय.

चोवीस तास तुझं बारा तारखेचं पत्र उशाला घेऊन बसलेय. आधी वाचलं तवा धीर आला हुता. आता वाटतंय, एवढी तयारी करून ठेवणारा माणूस कशाची तयारी करत हुता.

शेवंता

*

टेकवाडी
२७ फेब्रुवारी

ती. आक्कास,

मतमोजणीच्या हॉलात तुला लांबनं बघितलं. हाक मारली, तू वळली न्हाईस. बाहेर येईपर्यंत तुझी गाडी गेलती.

घरी आल्यावर तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं. वाचून लई वाईट वाटलं, तेवढंच लिहितो.

सत्तेचाळीस-शेहेचाळीस. एका मतानं आबा. करारातल्या सत्तेचाळिसांतला एक फुटला. आणि तो मी, हे जग ठरवून बसलंय. मी दिलं, आक्का. शिक्का उचलला तवा एकशे एकवीस माणसं डोळ्यापुढं आली, आणि तरी क्रांतीच्या नावासमोर मारला. बाहेर आलो आणि गावात उघड सांगितलं, मी करार पाळला. मला वाटलं खरं बोललं की सुटतोय. झालं उलटं. गाव म्हणतंय आमाला फसवलं, करारवाले म्हणत्यात आमाला फसवलं. दोन्हीकडनं एकटा मीच चोर.

वीस तारखेला वाटला तेवढा वाटला, आता तरी संशय काढून टाक. तू तरी लिही.

बाळासो

*

टेकवाडी
१३ मार्च

ती. आक्कास,

पंधरा दिवस झाले. ज्ञानू रिकामा येतोय. मी टेम्पोजवळ जाऊन उभा राहतो, तो नुसती मान हलवतो. आता तर त्याच्याकडं बघूनबी मला वाटाय लागलंय, ह्यानं तर माझी पत्रं दाबली न्हाईत?

गावानं मला चेअरमनपदावरनं काढलं. राजवीर बसला. ठीक हाय, ठराव त्यांचा हुता, मी त्यांच्या मनासारखं केलं न्हाय, त्यांचा तो हक्क. पर तुमच्या बाजूच्या लोकांनी माझ्या फोटोला चपलांचा हार घातलेला मोबाईलवर फिरतोय. तो बायकोनंबी बघितला. दोन दिवस ती बाजाराला गेली न्हाय.

विलीनीकरणाची यादी लागली. बारांतल्या अकरा संस्था गेल्या, एक तुमची वाचली, असं ऐकलं. बरं वाटलं. धोंडुबाईचं पुस्तक तरी तिच्याकडं राहिलं.

तूबी मलाच चोर धरलास का? तेवढं एक लिही, मग इचारणार न्हाय.

बाळासो

*

चिंचगाव
१८ मार्च

बाळासो,

झालं ते झालं. सारखं सारखं शपथा घालू नकोस, बरं दिसत न्हाय. हिकडं म्हशीला बरं न्हाय, तवा लिहायला सवड झाली न्हाय. वहिनीला म्हणावं बाजाराला जा, लोक चार दिवस बोलत्यात.

शेवंता

*

टेकवाडी
२३ मार्च

आक्का,

कळलं. तू मला चोरच धरलास.

एवढंच सांगायचं हुतं की तेरा एप्रिलला करारवाल्यांची बैठक हाय, पुढच्या निवडणुकीची. टेकवाडीचं नाव करारातनं कायमचं काढायचा ठराव मांडणार हायत. म्हणत्यात फितुरांचं गाव नगं. माझ्या एकशे ऐंशी सभासदांची मतं पुढं बेरजेतबी धरणार न्हाईत. ज्या एकोणसाठ जणांनी शेंगदाणा टाकला त्यांचीबी न्हाईत. माझं काय व्हायचं ते हू दे. त्यांनी काय केलंय?

मला बोलावलेलं न्हाय. तुला बोलावलं असंल. तुझ्या मनाला येईल तसं कर.

बाळासो

*

चिंचगाव
३ एप्रिल

बाळा,

हा अकरावा कागद. दहा चुलीत गेले.

मत मी फोडलं.

आता पुढचं लिहिणं सोपं जाईल असं वाटलं हुतं, पर तसं न्हाय.

सम्राट वीस तारखेला आलता. गोठ्यातच बसला, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत बोलला. मोबाईलवर फोटो दाखवला. म्हणाला, "तुमचा भाऊ आमच्यात हाय, सत्तेचाळीस तितंच तुटलं. आता तुमचं मत पाण्यात घालवायचं का संस्था वाचवायची, तुमीच ठरवा." मी त्याला ऊठ म्हणाले. तो उठला आणि दारात जाऊन म्हणाला, "आक्का, तुमचा भाऊ कांबळ्याच्या पोरीला मत देईल असं तुमास्नी खरंच वाटतंय व्हय?"

मला तुझं दहा जानेवारीचं पत्र आठवलं. ऐकून घेतो असं तूच लिहिलं हुतंस. तू खरं लिहिलंस आणि मी त्याचाच दोर केला. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात, तसं माझं. करार तुटलाच हाय तर दोनशे चौदा पुस्तकं तरी वाचू देत, असं मनाला सांगत गेले. शिक्का नीट बघून आबाच्या नावासमोर मारला. मला वाटलं मी शहाणपणा करतेय.

मग हॉलात फळ्यावर आकडा लिहिला. क्रांती, शेहेचाळीस.

मी बोटांवर मोजलं. तू फोडलं असतंस तर तुझं आणि माझं सोडून पंचेचाळीस व्हायला पायजे हुते. शेहेचाळीस झाले. म्हंजे फुटलेला एकच, आणि तो कोण ते मला ठावं हुतं. त्या हॉलात तुझ्यावर शंका घेणारी शंभर माणसं हुती, बाळा, आणि तू शंभर टक्के खरा हायस हे पुराव्यानिशी ठाऊक असलेली एकटी मी हुते. तू हाक मारलीस ती मी ऐकली.

आबानं आमच्या संस्थेला हात न लावायचा शब्द पाळला. तो पाळला नसता तर मला बरं वाटलं असतं. बायकांनी माझा सत्कार केला. शेवंताबाईनं संस्था राखली म्हणून धोंडुबाईनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिचं पुस्तक पदराखालनं काढून मला दाखवलं. बाकीच्या अकरा गावांतल्या बायकांची पुस्तकं गेली. क्रांती परवा म्हशीला बघायला आली, सलाईन लावलं, जाताना म्हणाली, तुमच्या भावावर माझा राग न्हाय, त्यांच्या गावात राहून ते सोपं नव्हतं. मी तिला चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि बाहेर आले न्हाय.

तुला लिहिलं न्हाय ते म्हणून. अठरा तारखेचं पत्र लिहिलं त्याची तर मला लाज वाटतीया. तुझ्या शपथा मला बघवत नव्हत्या, कारण प्रत्येक शपथ खरी हुती. वासरू मी सोडलं आणि मार तू खाल्लास, तसंच परत. कुंपणानंच शेत खाल्लं.

हे पत्र तेरा तारखेच्या बैठकीत तू वाच. भर सभेत वाच, माझ्या नावानिशी. टेकवाडीचं नाव राहील, चिंचगावचं काढायचं का माझं एकटीचं ते त्यांनी ठरवावं. मी येत न्हाय. त्या लोकांसमोर उभं राहायची माझ्यात ताकद न्हाय.

शेवंता

*

टेकवाडी
९ एप्रिल

आक्का,

पत्र मिळालं. ठसा शाबूत हुता.

मला आधीच ठावं हुतं असं लिहिलं असतं तर मी मोठा दिसलो असतो, पर ते खोटं हुईल. महिनाभर मी प्रत्येकाचा संशय घेतला. पिराजी तात्याचा घेतला. ज्ञानूचा घेतला, ज्याला मतच न्हाय. पोराच्या वहीत करारातल्या ठरावधारकांची नावं लिहून रोज एकेक खोडत बसायचो. सत्तेचाळिसांतनं मी वजा, म्हंजे शेहेचाळीस नावं व्हायला पायजेत. वहीत पंचेचाळीसच भरत हुती. तीनदा मोजलं. कुठलं गाव राहिलं ते कळंना. परवा तुझं पत्र वाचलं तवा कळलं, तुझं नाव मी लिहिलंच नव्हतं.

तुझ्याकडंबी तेवढीच नावं हुती, आक्का. तू त्यातनं माझं एकट्याचं लिहिलंस.

पत्र परत पाठवतोय. मी वाचणार न्हाय. वासराच्या वेळी मी सात वर्सांचा हुतो, आता मला पन्नासावं लागलंय. तेराला सकाळी सात वाजता राजवीरची गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. तयार राहा. तू उभं राहून वाचायचंस, अकरा गावांतल्या बायका समोर असताना. मी शेजारी बसतो. मधी अडलीस तर पाणी देईन, पुढचं वाक्य सांगणार न्हाय.

जेवणाचं काय करू नकोस. घरातनं भाकरी बांधून देतीया. तुझ्या हातचं खायला मला अजून थोडे दिवस लागतील.

बाळासो